कुंभारणीची चार घरं

धाकट्या नणंदेला जुळे मुलगे झाले, त्या साली आमच्या न्हाणीच्या भिंतीला कुंभारीण लागली.

तारा, माझी नणंद, बाळंतपणाला माहेरी म्हणजे आमच्याकडे आली होती. परसातल्या न्हाणीच्या दगडावर बसून आत्याबाई, माझ्या सासूबाई, एका नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. मी तांब्यानं ऊन पाणी देत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"अनसे, हलू नको. वर बघ."

वर वळचणीखाली एक पिवळी माशी भिंतीला मातीची गोळी लावत होती. कंबर तर अशी, की दोऱ्यानं आवळून बांधलेली. गोळी पसरवताना गुणगुणत होती, जात्यावर बसलेली बाई गुणगुणते तशी.

"कुंभारीण हाय ती. घरात पाळणा हलायचा असला की येती."

"हलतायत की दोन!" तारा आतून ओरडली. "आता आणखी कुठं टांगणार?"

"तुझे तुझ्या सासरचे. कुंभारीण येती ती घरच्या सुनेसाठी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिच्या घराला केरसुणी लागू द्यायची नाही. रोज लक्ष ठेवायचं. हे काम तुझं."

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मांडीवर काही नव्हतं. कुणी काम सांगितलं की बरं वाटायचं.

आम्ही माळी. फुलांचं रान नदीकडं, ते पुरुषांचं. परस बायकांचा. तिथं अबोली, शेवंती, कडेनं झेंडू, एक कागदी लिंबू आणि मांडवावर दोडक्याचा वेल. देवळाचे हार मी परसातच ओवायची. ओवता ओवता डोळे भिंतीकडं ठेवले.

तिनं दोन दिवसांत घर केलं. सुपारीएवढं, पोटाला गोल आणि वर बारीक तोंड, अगदी पाण्याच्या मडक्यासारखं. कुणी शिकवलं असेल? मग ती शेवंतीवरून हिरव्या अळ्या आणायला लागली. पाठीचं कुबड काढून चालतात त्या, आम्ही त्यांना उंटअळ्या म्हणतो. एकेक उचलून आणायची आणि मडक्यात कोंबायची. पाच अळ्या गेलेल्या मी स्वतः मोजल्या. शेवटी मातीनं तोंड लिंपलं आणि उडाली. पुढं शेजारीच आणखी दोन घरं घातली.

त्या चातुर्मासात देवळात कीर्तन चालू होतं. बुवांनी एक दिवस हेच सांगितलं. माशी किड्याला घरात कोंडते, बाहेरून गुणगुणते, किडा तिचंच ध्यान करतो आणि ध्यान करता करता स्वतः माशी होऊन बाहेर पडतो. माणसानं देवाचं तसं ध्यान करावं. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

आणि तसंच झालं. तीन आठवडे झाले असतील. मी हार ओवत होते आणि पहिल्या मडक्याला आतून भोक पडलं. भोकातून डोकं आलं, मग ती कंबर, मग पिवळे पाय. ओलसर पंख घेऊन ती भिंतीवर बसली. मी अळ्या आत जाताना पाहिल्या होत्या, आता कुंभारीण बाहेर येताना पाहिली. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? मी पळत जाऊन आत्याबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी भिंतीला हळदकुंकू लावलं. मग तिथंच दगडावर बसल्या.

"बघितलंस? दुसऱ्याचं आणलं, चार दिवस कोंडलं, माया लावली, की आपल्यासारखं होतंय." हात पदराला पुसत म्हणाल्या, "तुझ्या पाठची वच्छी आता केवढी झाली गं?"

"सतरावं लागलंय."

"हं."

त्या 'हं' मध्ये सगळं आलं. मला ते नवीन नव्हतं. वर्षभर घरात मालकांच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज होती. मालक 'आई म्हणेल ते' एवढंच म्हणायचे आणि टोपी घालून रानाकडं जायचे.

"परकी आणली तर ती तुला या घरात पाणी तरी पिऊ देईल का?" आत्याबाई म्हणाल्या. त्या रागानं बोलत नव्हत्या. मला धरून बसवलं होतं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "पाठची बहीण असली तर तुझंच राज्य. पोर तिला झालं तरी तुझ्याच मांडीवर. आणायची तर तूच आण. माझं ऐकून नको, तुला पटलं तर."

मला पटलं. हे मी आज लपवणार नाही. मला पटलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. आबांना पडवीत गाठून सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "दोघी एका घरात राहाल. माझी काळजी मिटली." आई चुलीपुढं होती. तिला ऐकू गेलं होतं. तिनं मान वर केली नाही, भाकरी थापत राहिली, आणि ती भाकरी इतकी थापली की परातीत फाटली.

वच्छीला मी सांगितलं, "दसऱ्याला फुलांची गर्दी असते. ओवायला हात कमी पडतात. चल चार दिवस."

"चार म्हणजे किती, अक्का? शाळा उघडायच्या आत यायला पाहिजे. बाई म्हणाल्यात, फायनलच्या परीक्षेला बसलीस की शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवते."

"दिवाळी करून ये."

"दाजी नवं लुगडं घेतील का?"

"घेतील की," मी म्हणाले.

अकराची एसटी आमच्या गावाहून तिच्या गावाला जायची, तीच संध्याकाळी परत यायची. त्या परतीच्या गाडीनं मी तिला आणलं. खिडकीत बसून ती सगळ्या रस्त्याला पाट्या मोठ्यानं वाचत आली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मला कौतुक वाटत होतं.

तिच्या पिशवीत एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, सुट्टीत एक झाड नाहीतर एक किडा धरा आणि रोज बघून लिहा. तिनं आमचा सगळा परसच धरला. सकाळी उठली की फुलं मोजायची. भुंगा अबोलीकडं बघत नाही आणि कुंपणावरच्या भोपळ्याच्या फुलात लोळतो, ते का, असलं काहीतरी विचारायची. दोडक्याचं फूल सकाळी मिटलेलं असतं आणि संध्याकाळी उघडतं, हे मी आठ वर्षं त्या मांडवाखाली वावरून पाहिलं नव्हतं. तिनं दोन दिवसांत पाहिलं.

"रात्रीच्या पाकोळ्यांसाठी उघडतं, अक्का. ज्याचं गिऱ्हाईक जेव्हा, त्याचं दुकान तेव्हा."

आत्याबाई हसून म्हणायच्या, "मास्तरीण झालीस गं तू."

"होणारच आहे!"

आत्याबाई माझ्याकडं बघायच्या. मी सुईत दोरा ओवायची.

दिवाळीच्या तोंडावर कुंभारणीनं आणखी एक घर घातलं. आधीची तीन होती, हे चौथं. वच्छी चौरंगावर उभी राहून बघायची आणि लिहायची. मी तिला बुवांची गोष्ट सांगितली. पहिलं घर माझ्या डोळ्यांदेखत फुटलं ते सांगितलं.

"मध्ये काय होतं पण?" तिनं विचारलं.

"मध्ये?"

"अळ्या आत गेल्या आणि कुंभारीण बाहेर आली. पाच गेल्या आणि एकच आली. बाकीच्या चार कुठं गेल्या?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "देवाचं गणित विचारू नये."

भाऊबीजेला कासार आला. आत्याबाईंनी वच्छीचा हात पुढं ओढला आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. कासार हसला, "किती भरू? चुडाच की काय?"

"मला हिरव्या कशाला, आत्याबाई? मला लाल आवडतात."

"असू दे. सणाचं आहे."

वच्छीनं हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कासाराला पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती परसात एकटीच बसली होती. हात हलवून बांगड्यांचा आवाज ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. वच्छीनं मला परसात ओढलं.

"चौथं घर फोडू या."

"वेडी झालीस? घरात पाळणा..."

"तीन राहतील की पाळण्याला. एकच फोडते. अक्का, मला बघायचंच आहे."

ती चौरंगावर चढली. केसातली पिन काढली आणि मडक्याच्या पोटाला टोचून एक खपली अलगद उचलली. थोडी माती माझ्या कपाळावर पडली. मग तिनं ते सगळं घरच भिंतीवरून सोडवून खाली आणलं, आणि आम्ही दोघी उन्हात त्यावर वाकलो.

आत सहा अळ्या होत्या, एकीला एक चिकटून लावलेल्या, टोपलीत शेंगा लावतात तशा. हिरव्यागार होत्या. मला वाटलं मेल्या असतील. वच्छीनं गवताची काडी एकीला लावली. ती हलली. म्हणजे शरीर हललं नाही, शेपटीचं टोक तेवढं थरथरलं. दुसरीला लावली, तीही थरथरली.

"जिवंत आहेत," वच्छी म्हणाली. "नांगी मारून पाडून ठेवल्यात. पळता येत नाही."

मग तिनं काडीनं वरची अळी जराशी सरकवली. तिच्याखाली एक पांढरा, चकचकीत, बिनपायांचा जीव होता. त्याचं तोंड त्या अळीच्या कुशीत रुतलेलं होतं. अळीचा मागचा अर्धा भाग चिपाडासारखा झाला होता. पुढचा अर्धा अजून थरथरत होता.

मी ओरडले असेन. मला आठवत नाही. हातातली फुलं खाली पडली होती एवढं आठवतं.

"ध्यान कसलं," वच्छी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "ही कुंभारणीची पोर आहे, अक्का. अळ्या तिच्या पोटासाठी आणल्यात. अळीची कुंभारीण कधीच झाली नाही. कुंभारणीचीच कुंभारीण झाली."

ऊन चटचट लागत होतं. त्या अळ्यांकडं बघवेना, आणि मान वर करून बहिणीकडंही बघवेना. तिच्या मनगटात बांगड्या वाजत होत्या.

"अक्का, तुला काही सांगायचंय का?"

"मला? नाही गं. मला काय सांगायचं असणार?"

"बरं," ती म्हणाली. घर झेंडूच्या बुडाशी ठेवून ती हात धुवायला गेली. थोड्या वेळानं वही घेऊन बसली.

त्या दिवसापासून मी रोज ठरवायची की आज सांगायचं. 'वच्छे, तुला सवत म्हणून आणलीय, अकराच्या गाडीनं निघ,' एवढंच. तिच्या केसांना तेल लावताना तोंड उघडायची आणि म्हणायची, "कोंडा झालाय बघ." हार ओवताना तोंड उघडायची आणि म्हणायची, "दोरा संपला." ती गेली असती तर परकी आली असती. परकी आली असती तर मी कुठं गेले असते? आबांच्या घरी भावजयीची भांडी घासायला. ती भीती सहा अळ्यांहून मोठी होती. आत्याबाईंनी मला कोंडलं नव्हतं. मालकांनीही नाही. मी बोलले असते तर तोंडावर हात ठेवणारं कुणी नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी झाडताना खोलीच्या दाराआड वच्छीची पिशवी दिसली. कपड्यांनी भरलेली. बोहारीण गल्लीत आली होती, मला वाटलं तिच्यासाठी काढून ठेवलेत. उघडून बघते तर चांगली दोन पातळं, पोलकी, एक नवा टॉवेल.

"काय बाई उधळी पोरगी!" मी मोठ्यानं म्हणाले. "अजून वर्षभर चालतील हे!" आणि एकेक झटकून मी तिचे कपडे पुन्हा खुंटीला लावले. रिकामी पिशवी घडी करून गादीखाली ठेवली.

वच्छी दारात उभी होती. जाऊन तुळशीपुढं सडा घालायला लागली.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी देवळात चार माणसांत तिचं झालं. आई आली नाही. माझी समजूत अशी, की वच्छीला त्याच सकाळी कळलं. ती रडली नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, "शहाणी आहे." लग्नानंतर तिनं मालकांना हाक मारणंच सोडलं. दाजी म्हणता येईना, दुसरं काही तोंडात बसेना. काही द्यायचं असलं की नुसतंच पुढं ठेवायची. मला अक्काच म्हणायची. परसात यायची, पण फुलं मोजायची नाही. वही तिनं ट्रंकेच्या तळाशी घातली ती पुन्हा काढली नाही.

भिंतीवरच्या उरलेल्या तीन घरांना आत्याबाई दर मंगळवारी कुंकू लावायच्या.

माझ्या केसात काळा म्हणून उरला नव्हता, तेव्हा गावात साक्षरतेचे वर्ग आले. सावता, माझा मुलगा, म्हणाला, "जा आई, तुला आवडेल." मी गेले. सहा महिन्यांत जोडाक्षरं आली. शिकवणारी मुलगी म्हणाली, घरात जे लिहिलेलं सापडेल ते वाचा. पुडीचा कागद, लग्नपत्रिका, काहीही.

मी ट्रंक उघडली. तिच्यात वच्छीची पातळं होती आणि तळाशी निळी वही. सावता म्हणाला, "दे, मी वाचून दाखवतो." मी म्हणाले, "नको. मला येतंय."

परसात, न्हाणीच्या दगडावर बसून मी बोट ठेवून ठेवून वाचलं. एका पानाला एक सकाळ लागायची. सुरुवातीला भुंगा, दोडका, पाकोळी. वाचता वाचता मी हसायचीही. मग ही पानं आली. ती मला आता पाठ आहेत, म्हणून जशीच्या तशी लिहिते.

"भाऊबीज. हिरवा चुडा भरला. सणाचा म्हणाल्या. सणाला चुडा नसतो. मला कळलं."

"तृतीया. चौथं घर फोडलं. सहा उंटअळ्या, जिवंत, पण हलता येत नाही. कुंभारणीची अळी त्यांना खाते. अक्का फार घाबरली. तिला मला सांगायचं आहे. उद्या सांगेल."

"चतुर्थी. दोडक्याची नऊ फुलं. अक्कानं सांगितलं नाही."

"पंचमी. शेवंतीवर मावा पडला. मुंग्या आहेत. सांगितलं नाही."

"षष्ठी. सांगितलं नाही."

"सप्तमी. केसांना तेल लावताना सांगणार होती. कोंडा झालाय म्हणाली."

मधली पानं तशीच आहेत. मग शेवटची दोन.

"दशमी. पिशवी भरून दाराआड ठेवते आहे. अक्काला दिसेल. तिनं हातात दिली तर अकराच्या गाडीनं जाईन. आबांकडं जाणार नाही, शाळेतल्या बाई ठेवून घेतील. परत आत ठेवली तर तिला मी इथं हवी आहे असं समजेन."

"एकादशी. कपडे अक्कानं खुंटीला लावले. बरं."

त्यापुढं वही कोरी आहे. मी एकेक पान उलटून पाहिलं. दुपार झाली, सावता जेवायला बोलवायला आला, मी अजून कोरी पानंच उलटत होते. तो म्हणाला, "काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "फुलांचं आहे."

कोऱ्या पानांतल्या पहिल्या पानावर मी माझ्या हातानं लिहून ठेवलं आहे. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

वत्सला, माझी पाठची बहीण, सावताची आई, १९६१ सालच्या माघ महिन्यात वद्य षष्ठीला दुपारी बाळंतपणात गेली. सावता तेव्हा चार दिवसांचा होता आणि माझ्या मांडीवर होता.